दोन्ही अंगठे

माझ्या दोन्ही अंगठ्यांना नखं नाहीत. नख असायला हवं तिथे नुसती मऊ कातडी आहे. तर्जनीचं नख अर्धं, मधल्या बोटाचं पातळ आणि चिरलेलं, आणि करंगळीपाशी येईपर्यंत सगळं बऱ्यापैकी ठीक. कोपर पूर्ण सरळ होत नाहीत. गुडघ्याच्या वाट्या लहान आहेत आणि उतरणीवर पाय जरा तिरका पडला की बाजूला सरकतात. हे सगळं मला अप्पांकडून आलं, म्हणजे माझ्या वडिलांकडून.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरला राहिलेले मराठी, आणि मी इथल्याच मुलींच्या एका शाळेत गणित शिकवते. खडू धरला की अंगठा आपोआप त्याच्या मागे जातो, त्यामुळे फळ्यापाशी मी निर्धास्त असते. वह्या परत देताना मात्र त्या खालून धरायच्या, हे ठरलेलं. लहानपणी दिवाळीच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या मुली मरुदाणीचा, म्हणजे मेंदीचा, पाला वाटून बोटांच्या टोकांना टोप्यांसारखा लावायच्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची नखं लालभडक. मला मरुदाणीने सर्दी होते, असं सांगायचं, हे आईने पढवून ठेवलं होतं. पुढे मला मुलगी झाली, तेव्हा नर्सने तिला माझ्याजवळ आणताच मी तिचा चेहरा पाहण्याआधी दोन्ही मुठी उघडून पाहिल्या. दहाच्या दहा नखं होती. मला रडू आलं, आणि कशासाठी रडतेय हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

अप्पांचं माझ्याहून वाईट होतं. ते सरकारी कचेरीत कारकून होते आणि ऐन उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत, बाह्या मनगटाच्याही खाली ओढून. मूठ सदा अर्धवट मिटलेली. एकदा मी त्यांच्याबरोबर भाजीबाजारात गेले होते. ओल्या फरशीवर त्यांचा गुडघा निखळला आणि ते वांग्यांच्या टोपलीवर पडले. कोणीतरी तमिळमध्ये म्हणालं की भर दुपारीच ढोसून आलाय. दोघंतिघं हसले. अप्पांनी आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता. ते खाली बसूनच, धोतराच्या आत हात घालून वाटी जागेवर बसवत होते, चेहरा पांढराफटक. उठले, धोतर झटकलं आणि चालू लागले. घरी आल्यावर मी विचारलं की तुम्ही त्यांना सांगितलं का नाही. ते म्हणाले, गुडघा म्हटलं असतं तर कुणीतरी बघायला आलं असतं. दारुडा म्हटल्यावर कुणी जवळ येत नाही.

हे असं का झालं, याची आमच्या घरात एक कथा होती. अप्पा पोटात असताना ग्रहण लागलं होतं. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरायचं, तोडायचं नसतं. आजीच्या ते लक्षात राहिलं नाही आणि ती मागच्या पडवीत बसून शेवग्याचा पाला नखांनी खुडत राहिली. तिच्या सासूने येऊन पाहिलं तोवर अर्धी परडी भरली होती. म्हणून अप्पांना नखं आली नाहीत. मग आत्या झाली, तिचीही नखं तशीच, जरा कमी. तेव्हा म्हणे तोच दोष मागे लागला. दुसऱ्या वेळी कुठलं ग्रहण होतं, हे कुणी विचारलं नाही. ही कथा मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की शेवग्याची परडी मीच पाहिली असावी असं वाटतं. आजीच्या तोंडून मात्र कधीच ऐकली नाही. ती विषय निघाला की उठून आत जायची.

आजीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आजोबा, ज्यांना घरात सगळे नाना म्हणत, तिच्याही आधी गेले.

दोन वर्षांपूर्वी अप्पांचे पाय सुजायला लागले. साखर नव्हती, रक्तदाबही फारसा नव्हता, पण लघवीला फेस यायचा. तो कितीतरी दिवसांपासून येत असणार, त्यांनी सांगितलं नाही. मी त्यांना मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या दिसत होत्या. लघवीतून प्रथिन जातंय म्हणाल्या आणि कागदावर लिहिता लिहिता थांबल्या. अप्पा खुर्चीत बसले होते, बाह्या ओढून. डॉक्टरांनी त्यांना हात टेबलावर ठेवायला सांगितलं.

अप्पांनी हात ठेवले, पण मुठी मिटलेल्या. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. अप्पा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस एका मुलीसमोर मूठ घट्ट धरून बसलाय, आणि मी, त्यांची शिकलीसवरलेली मुलगी, त्यांना काही सांगू शकत नाही, कारण माझे स्वतःचे हात पदराखाली. शेवटी मीच हात बाहेर काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी ते उचलून उजेडात धरले आणि अंगठ्यावरून आपलं बोट फिरवलं. तिथे आजवर आई आणि नवरा सोडून कुणी हात लावला नव्हता. मला कपडे काढल्यासारखं झालं.

मग त्यांनी आम्हा दोघांना कोपर सरळ करायला लावले, गुडघे दाबून पाहिले, आणि अप्पांच्या कमरेचा एक्स-रे काढायला सांगितला. तो दिव्यावर लावून त्यांनी दाखवलं. कमरेच्या हाडांच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे एकेक टोक बाहेर आलेलं होतं. याला शिंगंच म्हणतात, त्या म्हणाल्या, त्याने काही त्रास होत नाही, पण ती दिसली की आजाराची ओळख पटते. अप्पा इतकंच म्हणाले, की आता शिंगंही निघाली.

रक्त तपासायला चेन्नईला पाठवलं. अहवाल यायला बरेच आठवडे लागले. आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला दुपारी, गर्दी ओसरल्यावर बोलावलं आणि सावकाश, तमिळमध्ये समजावून सांगितलं. एका जनुकात बिघाड होता. त्याचं नाव एलएमएक्स वन बी. होमिओबॉक्स म्हणून जनुकांचं एक मोठं घराणं आहे, त्यातलं हे एक. या जनुकांपासून जी प्रथिनं तयार होतात ती डीएनएला धरून बसतात आणि दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करतात. पोटातल्या बाळाला हाताचा कोंब फुटतो, तेव्हा त्याची पाठ कुठली आणि तळवा कुठला हे ठरायचं असतं. आमचं हे प्रथिन पाठीच्या बाजूला तयार होतं आणि तिथल्या पेशींना सांगतं की तुम्ही पाठ व्हा. नखं पाठीकडची. आमच्याकडे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच धड आहे, म्हणून प्रथिन कमी पडतं. मूत्रपिंडातल्या गाळणीलाही तेच प्रथिन लागतं, डोळ्यालाही लागतं. म्हणून लघवी तपासत राहायची आणि डोळ्यांतला दाब मोजून घ्यायचा. अप्पांना त्यांनी एक गोळी लिहून दिली. गळती थांबणार नाही, पण कमी होईल म्हणाल्या.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, की हे ग्रहणामुळे होतं का.

मी जमिनीकडे बघत होते. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, नाही, ग्रहणाचा काही संबंध नाही. कधी कधी हा बिघाड नव्यानेच होतो, पण तुम्ही सांगितलं तसं तुमच्या बहिणीलाही आहे, म्हणजे तो आईकडून किंवा वडिलांकडून आला असणार.

"तुमच्या आईची नखं कशी होती?" त्यांनी विचारलं.

"चांगली होती," अप्पा म्हणाले. "सगळी होती."

"आणि वडिलांची?"

"त्यांना काही नव्हतं. लहानपणी दारात सापडून अंगठे चेंगरले होते, तेवढंच."

"दोन्ही?"

अप्पांनी बाह्या आणखी खाली ओढल्या. डॉक्टरांनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि घराण्यात कोण कोण आहे ते विचारत एक झाड काढायला घेतलं. नानांना एक धाकटा भाऊ होता. त्याने तमिळ मुलीशी लग्न केलं आणि नानांनी त्याचं नाव टाकलं. तो गेला, पण त्याचा मुलगा तिरुवैयारुत राहतो आणि मृदंग शिकवतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. बसने जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. आम्ही कधी गेलो नव्हतो. डॉक्टर म्हणाल्या, त्यांना सांगायला हवं, त्यांच्या घरात कुणाची मूत्रपिंडं दुखावत असतील तर वेळेत कळेल.

मी एकटी जाईन म्हटलं. अप्पा म्हणाले, तू भलतंच काहीतरी बोलशील, मी येतो.

एका रविवारी सकाळी आम्ही गेलो. तिण्णैवर, म्हणजे दारालगतच्या ओट्यावर, दोन विद्यार्थी मृदंग घेऊन बसले होते आणि त्यांच्यासमोर उघड्या अंगाने, वेष्टी नेसलेले, अप्पांच्याच वयाचे एक गृहस्थ. नाक डोळे सगळं नानांचं. त्यांचे दोन्ही हात मृदंगावर होते, उन्हात, बोटं फाकलेली. दोन्ही अंगठ्यांना नखं नव्हती. अप्पा पायरीवरच थांबले.

आम्ही कोण ते सांगितल्यावर काका लगबगीने उठले. त्यांनी अप्पांना मिठीच मारली आणि ते आमच्या घरातल्यासारख्याच जुन्या मराठीत, अधूनमधून तमिळ घालत, बोलायला लागले. त्यांच्या बायकोला मी काकू म्हटलं, तर त्यांनी चित्ती म्हणायला सांगितलं. कॉफी आली. मी आजाराबद्दल कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव करत होते, पण काकांनी माझा हात पाहिला आणि तो आपल्या हातात घेऊन चित्तीला दाखवला. "बघ, आमच्याच घरची," ते म्हणाले.

त्यांच्या मुलाला आहे, नातीला आहे. मृदंगाला नख लागतच नाही, उलट नख नसलेलं बरं, असं ते म्हणाले. मुलाला मुलगी सांगून आली तेव्हा त्यांनी आधी नखंच दाखवली होती, म्हणजे पुढे बोलणं नको. मी विचारलं की घरात कुणी याचं कारण काय सांगायचं. त्यांना प्रश्नच कळला नाही. कारण कसलं, ते म्हणाले, वडिलांना होतं, आजोबांना होतं, आम्हाला आहे.

मग अप्पांनी विचारलं. वाटेत ते जे बोलले नव्हते ते त्यांनी तिथे, कॉफीचा डबरा, ती खोलगट पितळी वाटी, हातात धरून विचारलं.

"माझ्या वडिलांचे अंगठे दारात चेंगरले होते ना?"

"कुठल्या दारात?" काका म्हणाले. "आमच्या आजोबांचे असेच होते, तुझ्या वडिलांचे असेच, माझ्या वडिलांचे असेच. लहानपणी दोघं भाऊ शपथ घेताना अंगठ्याला अंगठा टेकवायचे. बाबा शेवटपर्यंत सांगायचे ते."

अप्पांनी डबरा खाली ठेवला. थोडी कॉफी सांडली, ती त्यांनी पंच्याने पुसली. मी घाईघाईने डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं बोलायला सुरुवात केली, मूत्रपिंड, डोळे, तपासणी, गोळी. ते ऐकताना काकांचा चेहरा उतरला. त्यांचा धाकटा भाऊ पाय सुजून, पुढे मूत्रपिंडं जाऊन गेला होता. सगळे विहिरीच्या पाण्याला दोष देत होते. त्यांनी मुलाला आतून बोलावून घेतलं आणि मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. अप्पा तेवढा वेळ एकटेच खांबाला टेकून बसले होते.

जेवून जा, असा आग्रह झाला, पण अप्पा थांबले नाहीत. बसथांब्यावर सावलीचा बाक होता, तिथे आम्ही बसलो. अप्पा म्हणाले, "नानांना ठाऊक होतं."

मी म्हटलं, कदाचित त्यांनाही लाज वाटली असेल. भावाशी बोलणं तोडलेलं, त्यात हे आमच्याच घराण्याचं म्हणून कसं सांगणार.

"ते माझ्या आईसमोर बसून ऐकायचे," अप्पा म्हणाले. "त्यांच्या आईलाही ठाऊक असणार, तरी ती तिला बोलायची, बायका बोलायच्या, आणि ते पेपर वाचत बसायचे. एक शब्द बोलायला हवा होता त्यांनी."

मग माझ्याकडे न बघता त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. कचेरीत नवीन असताना वरच्या साहेबाने सगळ्यांसमोर त्यांच्या हातांची चेष्टा केली होती. ते घरी आले, आणि आजीने ताट वाढून, रोजच्यासारखं, हात दुखतात का रे, म्हणून विचारलं. अप्पांनी ताट लोटलं आणि म्हणाले, तू केलंस ते मी भोगतोय. नाना तिथेच बसले होते. आजीने सांडलेला भात गोळा केला. त्यानंतर तिने कधी हातांबद्दल विचारलं नाही. अप्पाही कधी मागे घ्यायला गेले नाहीत, कारण त्यांना ते खरंच वाटत होतं.

बस आली. आम्ही चढलो. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण आमच्यात तशी सवय नाही.

पुढच्या आठवड्यात अप्पा म्हणाले, पापनाशमला जाऊया, बहिणीला सांगायला हवं. आत्या तिथे मुलाकडे राहते. ती नखांना नेहमी गडद रंग लावते, चिरा दिसू नयेत म्हणून. आम्ही गेलो तेव्हा सून घरात होती, तर आत्याने आम्हाला आत देवघरात नेऊन दार लोटलं. मी तिला आजाराचं सांगितलं. ती म्हणाली, सुनेच्या माहेरी कळता कामा नये. मी म्हटलं, तुझ्या मुलाची लघवी तपासायला हवी, बाकी कुणाला सांगायचं नाही. ती कबूल झाली.

मग अप्पांनी तिला आईचं सांगितलं, नानांचं सांगितलं. आत्या निरांजनातली वात काढत होती. ती बराच वेळ वात बोटात फिरवत राहिली.

"आता हे कुणाला सांगायला आलास?" ती म्हणाली. "जिला सांगायचं ती गेली."

अप्पा मान खाली घालून उभे होते. आत्याने मग डोळे पुसले आणि बाहेर जाऊन सुनेला आमच्यासाठी डोसे घालायला सांगितलं. डोसे खाताना दोघं भावंडं भाताच्या भावाबद्दल, पावसाबद्दल बोलत होती. आत्याच्या मुलाची तपासणी झाली. त्याच्या लघवीतही प्रथिन निघालं, थोडं. तोही आता गोळी घेतो, बायकोला रक्तदाबाची आहे म्हणून सांगतो.

अप्पांची सूज कमी आहे. डॉक्टर समाधानी आहेत. नानांचं श्राद्ध आलं तेव्हा मला वाटलं होतं ते करणार नाहीत, पण त्यांनी सगळं नीट केलं. फक्त त्या दिवशी जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले. आजीबद्दल ते आता कधी कधी बोलतात, तिच्या हातचा रसम, तिची दारातली कोलमची रांगोळी, असं काहीबाही. शेवग्याचा पाला घरात आणू नको, असं मात्र त्यांनी मला सांगून टाकलं आहे.

यंदा काकांच्या नातवाची मुंज झाली. त्यांनी स्वतः येऊन आमंत्रण दिलं. अप्पा म्हणाले, माझे गुडघे दुखतात, तू जा. मी गेले. ओळीने केळीच्या पानांवर पंगत बसली होती आणि माझ्या दोन्ही बाजूंना, समोर, काकांच्या घरची माणसं. काकांचा मुलगा, त्याची मुलगी, आणखी एक चुलत बहीण जिला मी पहिल्यांदाच पाहत होते. सगळ्यांचे अंगठे तसेच. ती सगळी माणसं बोलत होती, हसत होती, सांबार-भात कालवत होती, आणि कुणाचंच हाताकडे लक्ष नव्हतं.

चित्ती वाढत वाढत माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या. माझ्या पानाच्या कडेला भात सांडला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी अंगठा तळव्यात दुमडून चार बोटांनी जेवत होते. त्या घरात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि मी एकटीच लपवत होते. मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. चित्तींनी काही पाहिलं की नाही, कोण जाणे. त्यांनी तमिळमध्ये विचारलं, अजून रसम घालू का. मी हो म्हटलं.